जावईबापूंची बरगडी

“अहो, दाबा! कुरवाळू नका त्याला. तो काय मांजर आहे?”

बाईंचा आवाज वाचनालयाच्या माडीवर खणखणला आणि सतरंजीभोवती बसलेले दहाजण खो खो हसले. सतरंजीवर रबरी पुतळा उताणा पडला होता. वर्गात त्याला जावईबापू म्हणत. हा नुसता पडून राहणार आणि बाकीच्यांनी त्याच्यापुढे गुडघे टेकायचे, म्हणून.

त्याच्यावर वाकलेला बेकरीवाला मात्र हसला नाही. रोज पहाटे पोतंभर मैदा तिंबणारा गडी. दाराला सहज हात टेकला तरी बिजागरी बोलावी असं बळ. पण जावईबापूंच्या छातीवर ठेवले की त्याच हातांचं पीस व्हायचं.

छाती दोन इंच खाली गेली की पुतळ्याच्या खांद्यावर हिरवा दिवा लागे. बेकरीवाल्याची ही चौथी परीक्षा, आणि दिवा आजही आंधळाच.

“काळीज थांबलेल्या माणसाकडे वेळ फार थोडा असतो,” बाई म्हणाल्या. “रुग्णवाहिकेला फोन करायचा आणि ती येईपर्यंत दाबत राहायचं. उद्या तुमच्या दुकानात कुणी कोसळलं तर काय करणार? पाव भरवणार?”

“बाई, पण बरगडी मोडली तर?”

दर रविवारी त्याचा हाच प्रश्न.

“मोडू द्या. दीड-दोन महिन्यांत सांधते. आणि मोडलेली बरगडी जिवंत माणसालाच दुखते.”

“फार दुखते का हो?”

“हसताना दुखते. शिंकेचं तर नावच काढू नका.”

“दाबा हो, दाबा,” शिवणकाम करणाऱ्या मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या. “जावयाची बरगडी मोडायची संधी पुन्हा पुन्हा येत नाही!”

पुन्हा हशा. बेकरीवाल्याचे कान लाल झाले. हात तसेच, हलके.

बाई पूर्वी शाळेत गाणं आणि पेटी शिकवत. मनगट कुठे अडतं ते त्यांना दिसत असे, पण इथे मनगट अडत नव्हतं. मन अडत होतं. या माणसाच्या हाताखाली कुणीतरी गेलंय, एवढं त्या समजून चुकल्या होत्या. दिवा लागल्याशिवाय त्या कुणालाच प्रमाणपत्र देत नसत. आणि हा आज असाच परतला, तर पुढच्या रविवारी जिना चढणार नाही, हेही त्यांना दिसत होतं.

“चहा घेऊ आधी,” त्या म्हणाल्या.

चहाच्या सुट्टीत निम्म्या पिशव्यांतून औषधाच्या डब्या निघत. मावशींची रक्तदाबाची गोळी, टपालवाल्या काकांची साखरेची. बाईंनीही आपली गोळी चहाबरोबर गिळली आणि कप घेऊन त्या खिडकीशी बेकरीवाल्याजवळ जाऊन बसल्या.

“कोण होतं?” त्यांनी हळूच विचारलं.

त्याने कप खिडकीत ठेवला.

“माझं कुणी नव्हतं, बाई. दोन वर्षं झाली. घड्याळाच्या चौकात, सकाळी. पावांची पाटी पोचवायला निघालो होतो. समोर एक बाई बाकावरून खाली घसरली. श्वास नाही, काही नाही. मला कुठे काय येत होतं? टीव्हीवर बघितलं होतं तेवढंच. कुणीतरी फोन केला आणि मी आपला दाबत सुटलो, मैदा तिंबावा तसा. मधेच हाताखाली कडकन आवाज झाला. लोक ओरडले, अरे, मारशील तिला! तरी माझे हात थांबेनात. रुग्णवाहिका आली, तिला उचललं, आणि मी पाटी तिथेच टाकून पळालो.”

“पळालात?”

“वाटलं, मीच मोडली तिला. चेहरासुद्धा आठवत नाही. माझेच हात दिसतात नुसते.”

 बाईंचा कप हिंदकळून चहा बशीत आला, बशीतून ओच्यावर आला. तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“उठा,” त्या एकदम म्हणाल्या.

“आत्ता?”

“आत्ता. आणि त्या दिवशी दाबलंत तसंच दाबायचं. अगदी तसंच.”

“बाई, आवाज आला तर—”

“येऊ द्या हो!”

तो गुडघ्यांवर बसला. बाईंनी टाळी धरली आणि वर्गासाठी स्वतः जुळवलेलं गाणं सुरू केलं. त्या ठेक्यावर दाबलं की मिनिटाला शंभरावर दाब बसत.

“ऊठ पाहुण्या, ऊठ रे, दार कशाला लावतो?
अजून ऊन अंगणात, दिवस कुठं मावळतो?”

सगळ्यांनी सूर धरला. बाईंचा मात्र दुसऱ्याच ओळीत चुकला. असं कधी झालं नव्हतं. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण बेकरीवाल्याची कोपरं ताठ झाली होती, खांदे खाली आले होते, आणि जावईबापूंच्या खांद्यावर हिरवागार दिवा लखलखत होता. एका दाबाला एकदा. पुन्हा. पुन्हा. गाणं तीनदा म्हणून झालं तरी तो थांबेना.

“उठले हो जावईबापू!” मावशी ओरडल्या. “आता करा त्यांचा मानपान!”

टाळ्यांनी माडी दणाणली. बेकरीवाला घामाने निथळत होता आणि लहान मुलासारखा हसत होता. बाईंनी प्रमाणपत्रावर सही केली. ती जरा वाकडी आली.

त्याने तो कागद दोन्ही हातांनी घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि दाराशी जाऊन पुन्हा वळला.

“बाई, एकच गोष्ट मनातून जात नाही. तिचं पुढे काय झालं असेल हो?”

“पुढे?” बाई डोळे पुसत हसल्या. “पुढे तिने हा वर्ग काढला.”