आणखी अर्धा कप

"परदेशातल्या मळ्यांवर गारठा पडला, म्हणून कॉफीचा भाव चढलाय, एवढंच. महिनाभरात धाडकन खाली येईल," व्यापारी मळेवाल्याला पटवत होता. "आजच पोती देऊन मोकळे व्हा. वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना!"

मळेवाल्याने गोदामाची किल्ली हातात घेतलीसुद्धा.

तेवढ्यात वहिनींनी कॉफी आणली. व्यापाऱ्याने ती डोळे मिटून, चवीचवीने संपवली आणि रिकामा कप पुढे केला.

"आणखी अर्धा कप मिळेल? घरी हिने कॉफीची बरणी कुलपात ठेवलीय. म्हणते, अजून महागणार आहे, आता चहाच प्या."

वहिनींनी कप काठोकाठ भरला. मग नवऱ्याच्या हातातली किल्ली घेऊन कमरेला खोचली.

"भाव खाली येईपर्यंत रोज इथेच येत जा प्यायला, भाऊजी. पोती काही कुठे पळून जात नाहीत."