फुलसावंगी, एक

"ताई, आज फुलसावंगी शून्यावर काहून? लाईन गेलती का?"

दिग्रसच्या बसस्थानकासमोर अब्रारचे संगणकदुरुस्तीचे दुकान होते. फुलसावंगीचे मंगळवारचे काम आटोपून सुमेधा पुसदच्या गाडीतून उतरून थेट तिथे आली होती. ती काउंटरवरच्या पडद्याकडे पाहत राहिली. पडद्याचे तोंड गिऱ्हाइकांकडे होते. त्यावर गावांची नावे आणि प्रत्येकापुढे तारीख, वेळ, आकडा. मागच्या मंगळवारच्या ओळीत होते : फुलसावंगी, ११.४०, एक.

"हे कुठून येतं, अब्रारभाऊ?"

"तुमच्याच कॉम्प्युटरवरून. प्रश्नावलीचं सॉफ्टवेअर मीच बसवून देलं ना. कोणी फॉर्म उघडला की इथं आकडा वाढते. नाव नाही येत, ताई. फक्त गाव आन् टाइम."

फुलसावंगीच्या वाचनालयामागच्या खोलीत सुमेधा दर मंगळवारी समुपदेशनाला बसे. झोप लागते का, अन्न जाते का, जीव नकोसा होतो का, असे प्रश्न हळू आवाजात विचारी आणि उत्तरे संगणकात भरी. कापूस बुडण्याचे ते सलग तिसरे वर्ष होते. तरी त्या खोलीची पायरी चढणे म्हणजे घराला बट्टा, असेच गाव मानी. बायका पुस्तक बदलण्याच्या निमित्ताने येत. येत म्हणजे, अलीकडे एकच येत असे.

सुमेधाने पिशवीतून एक पुस्तक काढून काउंटरवर ठेवले.

"हे तिनं आज शेजारणीच्या हाती परत पाठवलं. सोबत निरोप. 'घरी टाइम माहीत झाला, अकरा चाळीस. आता मी येत नाही.'" ती थांबली. "मी आधी वाचनालयाच्या शिपायावर संशय घेतला. मग गाडीत बसून स्वतःवर. शेवटी वाटलं, मिनिटासकट वेळ कॉम्प्युटरलाच माहीत."

अब्रारचे हसू विरले.

"गुरुवारी एक जण झेरॉक्सले आलता. फुलसावंगीचा म्हणे. मीच दाखवलं त्याले. म्हटलं, पाहा, तुमचं गाव कसं कामाला लागलं..." तो अडखळला. "म्हणजे त्याच्या घरची ती..."

"मी नाव घेतलेलं नाही. तुम्हीही घेऊ नका."

"पण नाव नव्हतंच ना ताई त्याच्यात!"

"एकच बाई येते, तिला नाव कशाला लागतं?"

अब्रारने पडदा स्वतःकडे वळवला.

"लपवलं नव्हतं मी. बनवणाऱ्यांनी मोजणी बंदच ठेवली होती. मराठी सीडी करताना मी चालू केली. पण हे मुक्त सॉफ्टवेअर हाय. सगळा कोड उघडा हाय, कोणीही वाचून पाहू शकते."

"फुलसावंगीत कोण वाचणार होतं?"

अब्रार म्हणाला, "दोन वर्षं लागली मले हे मराठीत कराले. फुकट वाटलं. कोणी वापरून राह्यलं का नाही, एवढंच पाहाचं होतं. पहिला आकडा तुमच्याच गावाचा आलता."

त्याने कळफलक ओढला. एकेक गाव पडद्यावरून पुसले गेले.

"इथं घेणं बंद केलं. पण तिकडून पाठवणं सुरूच राहीन. नवी सीडी घेऊन गावोगाव जा लागन. अडतीस गावं." मग, मान वर न करता, "ताई, ती पुन्हा आली का नाही, हे आता मले कसं समजन?"

"नाही समजणार."

बाहेर पुसदची गाडी लागली होती. वाहकाची हाक ऐकू येत होती.

"पहिले फुलसावंगीलेच येतो. मंगळवारी, तुम्ही असान तवा?"

"उद्या या. मंगळवारी त्या खोलीच्या आसपासही दिसू नका."

तिने पुस्तक उचलले. मध्यावर एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्या बाईचे वाचन तिथवरच आले होते. सुमेधाने सवयीने तो सरळ करायला बोट नेले. मग दुमड तशीच ठेवून तिने पुस्तक पिशवीत घातले.