पाठीचा बाक

“राणीसाहेब, जरा ताठ उभ्या राहा हो!” दिग्दर्शक तिसऱ्यांदा ओरडला. माझी लेक आज पहिल्यांदाच राणी झाली होती. सातव्या वर्षापासून मालिकांत काम करतेय, पण अशी भूमिका मिळायला चाळिशी उजाडली. मी मॉनिटरमागे बसून तिच्या पाठीचा बाक बघत होते.

तो बाक मीच आणलेला. पहिल्या मालिकेत ती बारा वर्षांची होईपर्यंत पडद्यावर सातच वर्षांची होती. दर थोड्या महिन्यांनी मी तिच्या फ्रॉकची दुमड उसवून खाली घ्यायची आणि कानात सांगायची, “खांदे पाड, गुडघे वाकव. उंच दिसलीस तर दुसरी पोर आणतील.” गुणी पोर, तिनं सगळं ऐकलं. लोक म्हणायचे, काय गोड बाहुली आहे! मीही सुखावायची.

शॉट थांबला तशी मी तिच्याजवळ गेले. पाठीवर हात ठेवून कसंबसं म्हटलं, “सोनू, आता सरळ उभी राहा गं. आता कुणी काढणार नाही तुला.”

ती हसली. “अगं आई, सरळच उभी आहे की मी.”