मन वळवणारं भाषण

“घरी स्वयंपाक कोण करतं?” कुसुमताईंनी विचारलं आणि स्वरालीच्या मनात पाल चुकचुकली.

वर्ग संवादकौशल्याचा. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला सक्तीचा, बाहेरच्यांना फी भरून खुला. त्या दिवशी ऐकण्याचा सराव होता. जोडीतल्या एकानं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं आणि मग ऐकलेलं वर्गाला सांगायचं. पन्नाशीच्या कुसुमताईंनी भरल्या वर्गातून नेमकी स्वरालीच जोडीला निवडली होती. या वयात भाषण शिकून बाईंना कुठली निवडणूक लढवायची होती कोण जाणे.

“मी आणि बाबा मिळून करतो,” स्वराली म्हणाली. “मी बारावीत असताना आई गेली.”

“हो.” बाईंना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. “आणि तुझ्या स्वयंपाकघरात दुसरं कुणी आलेलं चालतं तुला?”

“भांडी जागच्या जागी ठेवणार असेल तर चालतं.”

बाई हसल्या. हसणं छान होतं, हे कबूल करायला हवं. पण सासवा सुरुवातीला छानच हसतात.

“तुमच्या घरी कोण कोण?” स्वरालीनं उलट विचारलं.

“सध्या मी एकटीच.”

तास संपल्यावर कॅन्टीनमध्ये तिनं हे सगळं पायलला, म्हणजे तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीला, सांगितलं. पायलनं चहाचा कप खाली ठेवला.

“सध्या म्हणजे काय? मुलगा फॉरेनला असणार. आई इथे बसून मुलगी बघतेय. फुल चौकशी चाललीय तुझी, आणि तूही बावळटासारखी सगळं सांगत बसलीस.”

स्वरालीला ते लगेच पटलं. दिवाळीत आत्यानं एक स्थळ उघड उघड घरी आणलं होतं. त्या मुलाला चहा देता देता स्वरालीनं विचारलं होतं, “पगार सांगितलात, आता स्वभाव सांगा.” ती मंडळी चकलीचा तुकडाही न मोडता गेली. आता समोरून जमत नाही म्हटल्यावर मागच्या दारानं सुरू झालं असणार.

शिवाय बाबांचंही हल्ली काही खरं नव्हतं. जेवताना मध्येच थांबायचे, काहीतरी महत्त्वाचं बोलायचंय असा चेहरा करायचे आणि शेवटी “कोशिंबीर वाढ” म्हणायचे. सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांत काही लपून राहणं शक्य नव्हतं, पण माणूस प्रयत्न करतो.

“आज काय शिकवलं?” त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं.

“ऐकायला शिकवलं.”

“बरं झालं. शिकायची गरज होतीच तुला.” मग आमटी ढवळत ते म्हणाले, “आणि त्या कुसुमताई कशा वाटतात तुला?”

स्वरालीचा घास हातातच राहिला. घरात तिनं ते नाव एकदाही काढलं नव्हतं.

“तुला कुणी सांगितलं त्यांचं नाव?”

“तूच म्हणाली असशील मागे कधीतरी,” बाबा म्हणाले आणि भात संपलेला नसतानाच ताट उचलून मोरीकडे गेले.

म्हणजे बाबाही सामील. तिला रडूच आलं. लग्नाची तिला भीती नव्हती. आपण गेल्यावर हा माणूस एकटा बसून रोज मुगाची खिचडी खाणार, हे तिला सोसवत नव्हतं. त्याच्यासाठी तिनं मुंबईच्या कॉलेजला नकार दिला होता. आणि त्यालाच तिला घालवायची घाई झाली होती.

सत्राच्या शेवटची परीक्षा म्हणजे मन वळवणारं भाषण. वर्ग घेणाऱ्या इंद्रजीत सरांचा त्यात एकच नियम होता. “सगळ्या वर्गाला पटवायला जाऊ नका. एक श्रोता निवडा, त्याच्या डोळ्यांत बघून बोला. त्याला पटलं की तुम्ही पास.”

श्रोता निवडायला स्वरालीला वेळ लागला नाही. कुसुमताई दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या.

“माझ्या घरात आम्ही दोघं आहोत, बाबा आणि मी,” तिनं सुरुवात केली. “आई गेल्यावर त्या घराची घडी आम्ही दोघांनीच परत बसवली. आता कुणीतरी ओळख लपवून आमची पारख करतंय. त्यांना मला एवढंच सांगायचंय, की आमच्या दोघांत परक्या माणसाला जागा नाही. बाबांना माझ्याशिवाय कुणी लागत नाही. आमच्याबद्दल तुम्हाला खरंच माया असेल तर मागे फिरा. अपमान करायचा म्हणून नाही म्हणत मी. हात जोडून सांगते.”

तिनं खरोखरच हात जोडले. तिचा आवाज एकदाही कापला नाही. कुसुमताईंनी इतका वेळ नजर हटवली नव्हती, ती आता खाली वळवली.

सरांनी वर्गात सगळ्यांत जास्त गुण तिला दिले. बाई तासाच्या मध्येच उठल्या. जाताना स्वरालीच्या बाकापाशी थांबल्या.

“फार छान बोललीस,” त्या हळू म्हणाल्या. “मला पटलं.”

स्वराली येताना चितळ्यांकडून आंबा बर्फी घेऊन आली. बाबा खिडकीपाशी बसले होते, फोन मांडीवर होता. दिवेलागण झाली तरी त्यांनी दिवा लावला नव्हता.

“कुसुमताईंचा फोन होता,” ते म्हणाले. “त्या नाही म्हणाल्या.”

आता लपवाछपवीही उरली नव्हती. स्वरालीला एकदम हलकं वाटलं. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

“बरं झालं. मला न विचारता सगळं ठरवायला निघाला होतास, त्याचा राग आलाय मला. पण जाऊ दे. त्यांच्या मुलाला मिळेल दुसरी कुणीतरी. मी तुला सोडून कुठेही जाणार नाही, बाबा.”

बाबांनी मांडीवरचा फोन खिडकीत ठेवला.

“कुसुमला मूलबाळ नाही गं,” ते म्हणाले. “लग्न आमचं ठरत होतं.”