निळी वायर

"दादा, टेप चालू होतोय, पण मागचे दोन्ही ॲम्प्लिफायर उठत नाहीत," वैकुंठरथाचा ड्रायव्हर लिंबाजी माझ्या कानाशी लागला. "सगळं तुम्हीच बसवलंय. दुसऱ्या कोणाला बोलवू?"

माझ्या बायकोला आत ठेवून झालं होतं. भजनासाठी सगळे खोळंबले होते. मेहुणा म्हणाला, "बघा की दाजी जरा. ताईला असं मुकं न्यायचं का? लोक काय म्हणतील?"

मी डॅशबोर्डखाली वाकलो. टेप लावला की एक बारीक निळी वायर मागच्या दोन्ही ॲम्प्लिफायरना जागं करते. तीच सुटली होती. जोडायला मिनिटही लागलं नसतं.

आमचं दुकान घराखालीच. मी गाड्यांचे स्पीकर वाजवून बघायचो आणि वर तिच्या मांडणीतली भांडी थरथरायची. मग ती जिन्यात येऊन ओरडायची, "अहो, आवाज कमी करा!" मला ते तिच्या ओठांवरून कळायचं. मी मान हलवायचो आणि आणखी एक गाणं लावायचो.

वायरचं टोक मी पायपुसण्याखाली सारलं आणि बाहेर आलो. "जळलंय. आज होणार नाही."

"गावभर वाजवलंत," मेहुणा डोळे पुसत म्हणाला, "आणि ताईच्याच वेळेला तुमचं काम फसलं."

गाडी निघाली. मागं नुसता चपलांचा आवाज. आज तिनं जिन्यातून हाक मारली असती, तर मला ऐकू आली असती.