एकच ताट

"एकाला हॉस्टेल सोडावं लागेल," रेक्टर म्हणाले. "कोणी, ते तुम्हीच ठरवा."

सॅम्सन झिराडकर आणि कय्यूम एकमेकांकडे बघतच राहिले. दोघे भिलाईच्या स्टील प्लँटमध्ये शिकाऊ होते, खोलीही एकच. सॅम्सन अलिबागकडचा बेने इस्राएली यहुदी, कय्यूम अकोल्याचा मुसलमान. सदुसष्टच्या जूनमध्ये तिकडे इस्राएल आणि अरबांची लढाई पेटली आणि इकडे रेक्टरांची झोप उडाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दोघांत भांडण ना तंटा, पण साहेबांना ते आधीच दिसत होतं.

मदतीला धावला मेसचा सेक्रेटरी, गोंदियाचा हिरालाल.

"कावून घाबरून राहिले गड्याहो? सभा घ्या. दोघं मिळून बोला. एकोपा दिसला का साहेब गुमान बसते."

सतरंज्या त्यानंच आणल्या, पोरंही त्यानंच जमवली. असा माणूस मिळायला नशीब लागतं, असं सॅम्सनला मनापासून वाटलं.

"पण बोलायचं काय?" सॅम्सननं विचारलं.

"खान्यापिन्याचं बोला. लोकायले तेच पटते."

संध्याकाळी हॉल भरला. आधी सॅम्सन उभा राहिला.

"आमच्यातही कोंबडी काझीच कापतो," तो म्हणाला. पोरं हसली. "इथे आमचा काझी कुठला? कय्यूमनं कापलेली मी खातो. डुक्कर तो खात नाही, मीही नाही. तिकडे अरब मेल्याची बातमी आली की त्याला जेवण जात नाही. मग माझाही घास उतरत नाही."

कय्यूमला राहवेना. तो बसल्या जागेवरूनच ओरडला, "याची आत्या तिकडं इस्राएलात हाय. रेडिओ लागला का माह्याच जिवाले घोर लागते. आमचं ताट एकच हाय!"

टाळ्या थांबेनात. रेक्टरांनी चष्मा पुसला. "कोणीही कुठे जाणार नाही," ते म्हणाले. कय्यूमनं हिरालालला घट्ट मिठी मारली.

"चाला जेवाले," हिरालाल म्हणाला.

आत पंगत बसत होती. दोघे आपल्या नेहमीच्या जागेकडे वळले, तर हिरालालनं त्यांना मागच्या ओसरीवर नेलं. तिथे भिंतीकडेला दोन पाट मांडले होते.

"आमची जागा आत आहे," सॅम्सन म्हणाला.

"आता रोज इथंच." हिरालालचा आवाज अजून तितकाच गोड होता. "पोरं कवाची माह्या मागं लागली होती, यायले अलग बसवा म्हनून. निस्तं कारन भेटत नव्हतं, ते तुमीच देल्लं. तुमचं ताट एक, मंग आमचं अलग."