स्प्रिंग

बायको जाऊन महिनाही झाला नव्हता, तोच मास्तर आजोबांच्या वेळचं, खिशात मावणारं पिस्तूल घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे आले. सेफ्टीचा खटका अडकून बसला होता, त्यामुळे चापच ओढता येत नव्हता.

"शोभेची वस्तू ही. आता कशाला हवी चालू?" मिस्त्रीने विचारलं.

"असू दे. घरात एकटाच असतो मी," मास्तर नजर चुकवत म्हणाले.

मिस्त्रीला हे लक्षण बरं दिसेना. खटका त्याने संध्याकाळपर्यंत मोकळा केला, पण पिस्तूल तिजोरीत टाकलं आणि मास्तरांना बेधडक थाप मारली, "आतली स्प्रिंग तुटलीय. जुना माल, शोधावी लागेल. येऊन विचारत जा."

मास्तर येत राहिले. आले की चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. हळूहळू बायकोच्या तऱ्हा सांगताना ते हसायलाही लागले. एवढ्या भल्या माणसाशी खोटं बोलणं मिस्त्रीच्या जिवावर यायला लागलं. शेवटी एकदा त्याने घसा खाकरला. "मास्तर, ती स्प्रिंग..."

मास्तरांनी झटकन त्याचा हात धरला.


"मिळाली असली, तरी एवढ्यात सांगू नका हो."